रॅफर्टीला हरवणारा

मर्ल ट्रेम्बथच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बशा कमी आणि बॉक्सर जास्त असत. मेलेले, म्हातारे झालेले, कुठेतरी दारूचं दुकान चालवणारे, असे सगळे. प्रत्येकाचं एक कार्ड. त्यावर नाव, गाव, वजन, कोणाशी लढला, कितव्या फेरीत काय झालं. दिवसा ती बॅलॅरटच्या पोस्टात टपालाची वर्गवारी करायची आणि घरी आल्यावर या माणसांची. मेलबर्नहून निघणाऱ्या बॉक्सिंगच्या एका मासिकात शेवटच्या दोन पानांवर किताबांच्या वंशावळी येत, त्या तिच्या हातच्या.

काम ऐकायला सोपं होतं. चॅम्पियनला जो हरवेल तो चॅम्पियन. त्याला जो हरवेल तो पुढचा. असं एकेक पाऊल मागे जात राहायचं. चॅम्पियन न हरता निवृत्त झाला किंवा मेला, तर जागा रिकामी, आणि मग वरच्या दोघांना लढवून नवा ठरवायचा. कोणी ठरवायचा, यावर मात्र भांडणं होती. सिडनीच्या बॉक्सिंग कंपनीने एकाला मानावं, मेलबर्नवाल्यांनी दुसऱ्याला, वर्तमानपत्रांनी तिसऱ्याला. मर्ल तिन्ही बाजूंचे कागद समोर ठेवायची आणि एकच प्रश्न विचारायची: रिंगमध्ये कोण हरलं?

ऑस्ट्रेलियाच्या बँटमवेट किताबाच्या रांगेत अकराव्या जागी एक नाव होतं, ते लिहिताना तिचं अक्षर आपोआप जरा गोल व्हायचं. विल्फ ट्रेम्बथ, फेब्रुवारी १९३१ ते ऑक्टोबर १९३३. तिचे बाबा. बॅलॅरटचे बेकर. पहाटेची भट्टी संपली की पिठाने पांढरे झालेले हात घेऊन झोपायला जाणारे, आणि बॉक्सिंगचा विषय निघाला की उठून बागेत जाणारे. ते जाऊन तेरा वर्षं झाली होती. मर्ल एकोणपन्नासची होती, एकटी होती, आणि घरात अजून कधी कधी तिला ताज्या पावाचा वास येई. कुठून येई ते तिने कधी शोधलं नव्हतं.

१९७४ च्या जानेवारीत मासिकाकडे जुन्या कागदांचं एक खोकं आलं. मरे नदीकाठच्या येरिंबा गावातल्या छापखानेवाल्याची विधवा घर आवरत होती, तिने पाठवलेलं. संपादक आर्ची मुलेनने ते न उघडताच मर्लकडे रवाना केलं. त्यात येरिंबाच्या साप्ताहिकाचा एक अंक निघाला, सप्टेंबर १९३० चा. द्राक्षांच्या भावांखाली, चर्चच्या जत्रेच्या वर, बोटभर बातमी होती.

'शनिवारी इथल्या हॉलमध्ये ऑस्ट्रेलियाचा बँटमवेट चॅम्पियन कॉलिन रॅफर्टी याला किड मरे याने पंधरा फेऱ्यांत गुणांवर हरवले. रॅफर्टीचे वजन आठ स्टोन पाच, मरेचे आठ स्टोन साडेचार. लढत किताबासाठी असल्याचे दोघांनी आधीच मान्य केले होते. पंचांच्या निर्णयाबद्दल कोणाचेही दुमत नव्हते.'

मर्लने ते तीनदा वाचलं. मग खिडकीपाशी नेऊन वाचलं. बँटमवेटची मर्यादा आठ स्टोन सहा पौंड, म्हणजे साधारण साडेत्रेपन्न किलो. दोघेही आत. पंधरा फेऱ्या पुऱ्या. लुटुपुटूची लढत नाही. आणि रॅफर्टी तर 'न हरता निवृत्त' झाला होता. सिडनीच्या कंपनीने पाच महिन्यांनी तसं जाहीर केलं, जागा रिकामी धरली, आणि त्या रिकाम्या जागेसाठी जो सामना लावला तोच तिच्या बाबांनी जिंकला होता.

जागा रिकामी नव्हतीच. तिथे एक माणूस उभा होता.

जानेवारी-फेब्रुवारीच्या त्या उन्हाळ्यात मर्लला दुपारच्या झोपेत एकच दृश्य दिसत राहिलं. पांढऱ्या उजेडात माणसांची लांब रांग, प्रत्येकाचा हात पुढच्याच्या खांद्यावर. मध्ये कुठेतरी एकाचा हात नुसता हवेत. तो कोण ते बघायला ती जवळ जायची आणि जाग यायची.

आर्चीला तिने फोन केला. आर्ची पंचवीस वर्षं तिला ओळखत होता. त्याचं नाक दोनदा मोडलेलं, त्यामुळे त्याचं सगळं बोलणं सर्दी झाल्यासारखं यायचं.

"खेड्यातला पेपर गं," तो म्हणाला. "त्यांच्याकडे बैल शिंकला तरी छापून येतं. सोड."

"वजनं दिलीयत, आर्ची. अर्ध्या पौंडापर्यंत."

"बरं, मग? किताब म्हणजे काय असतो सांग. लोकांनी मानला तर किताब. या किड मरेला कोणी मानलं?"

"कोणाला माहीतच नव्हतं तर मानतील कसं?"

"अकरावं नाव कोणाचं आहे ते तू विसरलीस, की मीच आठवण करून द्यायची?"

"विसरले नाही," मर्ल म्हणाली आणि फोन ठेवला.

किड मरे शोधायला तिला अडीच महिने लागले. त्या काळी प्रत्येक जत्रेतल्या बॉक्सिंगच्या तंबूत एक किड मरे असायचा. पहिला सापडला तो तांबड्या केसांचा स्कॉटिश खाटीक, पण त्याचं वजनच दहा स्टोन. दुसरा १९२९ मध्येच टास्मानियात बुडून मेलेला. तिसऱ्याचा नुसता फोटो होता, त्यात चेहऱ्यावर बोटाचा ठसा उमटलेला. शेवटी बेंडिगोच्या वृद्धाश्रमात जत्रेच्या तंबूबाहेर ढोल वाजवणारा एक म्हातारा भेटला. त्याला दुपारचं जेवण आठवत नव्हतं, पण १९३० लख्ख आठवत होतं.

"मरे म्हणजे नदीवरून ठेवलेलं नाव हो," तो म्हणाला. "नदीकाठचा होता ना. खरं नाव रूबेन. रूबेन स्वॉन. पाद्र्यांच्या मिशनची आदिवासींची वस्ती होती, तिथला काळा पोरगा. काय हात होते! ठोसा यायचा तो दिसायचा नाही, नुसता वारा लागायचा." आणि मग त्याने मर्लचा हात धरून विचारलं, "तो रिंगमध्ये गेला का? ढोल वाजवू?"

"वाजवा," मर्ल म्हणाली. त्याने खुर्चीच्या हातावर हलकेच बोटं वाजवली आणि तसाच झोपी गेला.

एप्रिलमध्ये ती येरिंबाला गेली. आधी ट्रेन, मग बस, मग पायी. बेदाण्यांचा हंगाम संपत आला होता. वाळवणाच्या जाळ्यांवर उरलेल्या द्राक्षांचा गोड, आंबूस वास रस्ताभर साचून राहिला होता. नदीच्या दिशेने उजेड इतका पिवळा आणि जाड होता, की त्यातून चालताना आपण कुठेतरी हळूहळू बुडत चाललोय असं तिला वाटलं. गावाबाहेर, उंच लाल निलगिरीच्या झाडांखाली, पत्र्याचं एक निळं घर होतं. पायरीवर चाळिशीची एक बाई वाटाणे सोलत बसली होती. मर्लच्या हातातली फाईल बघून तिचे हात थांबले.

"सरकारी आहात का?" तिने विचारलं.

"नाही. मी..."

"फाईल घेऊन येणाऱ्या बाया सरकारीच असतात. माझी पोरं शाळेत आहेत, घर झाडलेलं आहे, भांडी घासलेली आहेत. अजून काय बघायचंय? पोरं उचलून न्यायला कारण मिळायचं नाही इथे."

"मी बॉक्सिंगच्या मासिकातून आलेय."

बाईने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. राखाडी स्कर्ट, जाड चष्मा, पोस्टातले बूट. "तुम्ही? बॉक्सिंग?" ती अशी खळखळून हसली की मांडीवरचे वाटाणे सांडले. "बाबा! ओ बाबा! तुमच्याशी लढायला आल्यात एक बाई!"

तिचं नाव लोर्ना. रूबेन स्वॉनची थोरली मुलगी. ती मर्लला घरामागे घेऊन गेली. नदीच्या काठावर एक म्हातारा पिंपावर बसून मासे धरायचं जाळं शिवत होता. सहासष्ट वर्षांचा, बारीक, ताठ. केस पांढरेशुभ्र. एक डोळा दुधासारखा झालेला. त्याने मान न वळवताच विचारलं, "कोण आलंय?"

"माझं नाव मर्ल ट्रेम्बथ."

सुई थांबली. म्हातारा सावकाश वळला आणि चांगल्या डोळ्याने तिच्याकडे बघत राहिला. नदीत कुठेतरी एक मासा उसळून परत पडला.

"विल्फची पोर," तो म्हणाला. "हनुवटी तीच आहे. बस गं पोरी. लोर्ना, चहा टाक. विल्फची पोर आलीय."

मर्ल बसली. "तुम्ही बाबांना ओळखत होता?"

"आठ दिवस राहिला होता की इथे. या झाडाखाली. तुला सांगितलं नाही त्याने?"

"नाही."

"हं," रूबेन म्हणाला. "नसेलच सांगितलं."

चहा आला. तो सांगायला लागला तेव्हा ऊन झाडांच्या शेंड्यांवर होतं. त्याचा आवाज हळू होता आणि मध्येच बराच वेळ थांबायचा. त्या थांबण्यात नदीचा आवाज यायचा. मर्लने फाईल उघडली होती, पण पेन टोपणातच राहिलं.

रॅफर्टी तेव्हा या बाजूला नातेवाइकांकडे आला होता. हॉलवाल्यांनी सामना ठरवला. रॅफर्टी सरळ माणूस होता. किताबासाठी लढायचं का विचारल्यावर म्हणाला, दोघांची वजनं बसत असतील तर मला नाही म्हणायला तोंड नाही. आणि तो हरला. हरल्यावर त्याने स्वतः रूबेनचा हात वर केला. मग सिडनीला जाऊन खरं सांगितलं. कंपनीने त्याला सांगितलं की तू थकलायस, निवृत्त हो, आम्ही छान निरोप देऊ.

"मीही गेलो होतो सिडनीला," रूबेन म्हणाला. "तेव्हा वस्तीबाहेर जायला मॅनेजरचा पास लागायचा. पाच महिने मागितला तेव्हा मिळाला. पेपरचं कात्रण घेऊन त्यांच्या काउंटरपाशी उभा राहिलो. तिथल्या माणसाने ते वाचलं, नीट घडी घातली, परत दिलं. म्हणाला, येरिंबा कुठे आलं? मी म्हटलं, नदीवर. तो म्हणाला, मग नदीचा चॅम्पियन हो."

लोर्ना दारातून म्हणाली, "आणि त्याच आठवड्यात तुमच्या बाबांचा सामना होता. माझ्या बाबांनी भिंतीवर पोस्टर बघितलं. 'रिकाम्या किताबासाठी.'"

"तिकीट काढून बघायला गेलो नाही," रूबेन म्हणाला. "परतीची गाडी होती."

"मला माफ..." मर्ल म्हणायला लागली.

"तू काय केलंस? तू तर तेव्हा सहा वर्षांची असशील. ऐक पुढे. बत्तीस सालचा जुलै. धुकं असं की हात लांब केला तर बोटं दिसायची नाहीत. माझी आई बाहेर चूल पेटवत होती. धुक्यातून एक माणूस आला, पाठीवर पोतं. म्हणाला, मला रूबेन स्वॉन पाहिजे. आईला वाटलं पोलीस. ती म्हणाली, मेला तो. तर तो माणूस तिथेच मटकन बसला आणि रडायला लागला."

"बाबा?"

"तुझा बाबा. रॅफर्टीने त्याला सगळं सांगितलं होतं, तो जिंकला त्या रात्रीच. वर्षभर मनात घेऊन फिरत होता. भट्टीपुढे उभा राहिला की म्हणे पावाच्या लाटीतून माझा चेहरा वर यायचा. माझा चेहरा त्याने पाहिलासुद्धा नव्हता! मी मागून आलो, म्हटलं मी आहे जिवंत, काय काम आहे? तर डोळे पुसून म्हणाला, माझ्याशी लढ. मला खरं काय ते होऊ दे."

लढत झाली बेदाण्याच्या शेडमध्ये. हंगाम नसल्याने शेड रिकामी होती. मॅक्लिश नावाचा मुकादम होता, त्याने दोघांना बेदाण्याच्या खोक्यांच्या काट्यावर तोललं आणि तोच पंच झाला. रूबेन आठ-चार, विल्फ आठ-सहाला एक केस कमी. घड्याळ कोणाकडेच नव्हतं. रूबेनच्या आईला चर्चमधलं एक गाणं यायचं, ते सावकाश दोनदा म्हटलं की तीन मिनिटं होतात असं ठरलं. ती खोक्यावर बसून गायची, गाणं संपलं की तव्यावर पळी मारायची.

"धुकं फळ्यांच्या फटींतून आत यायचं," रूबेन म्हणाला. "गुडघ्यापर्यंत धुकं. आम्हाला स्वतःचे पाय दिसत नव्हते. आवाज फक्त आईचा, आणि आमच्या श्वासाचा. मी शंभराच्या वर लढती लढलो असेन, पण तशी नाही. चौथ्या-पाचव्या फेरीनंतर राग नव्हता, काही नव्हतं. तो मारायचा, मी मारायचो, जसं दोघं मिळून काहीतरी जड वस्तू उचलून नेतोय. तुझा बाबा चांगला होता हं. डावा हात फार चांगला. सहाव्या फेरीत मला खाली पाडलं त्याने. आई गाणं विसरली! मॅक्लिश ओरडला, म्हातारे, गा! तर ती पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. ती फेरी पाच मिनिटांची झाली असेल."

मर्ल हसली, आणि हसताना तिच्या लक्षात आलं की आपला चेहरा ओला आहे.

"मग?"

"मग अकराव्या फेरीत," रूबेन म्हणाला, आणि जाळ्याकडे बघू लागला. "पोरी, तू हे छापणार का?"

"हो."

"मग बरोबरी झाली असं लिही."

"बरोबरी झाली होती?"

"लिही ना. काय बिघडतं? मेलेल्या माणसाला कशाला पाडायचं परत?"

मर्लने चष्मा पुसला. "काका, बरोबरी झाली तर किताब चॅम्पियनकडेच राहतो. आणि चॅम्पियन तुम्ही होता. बाबा आव्हान द्यायला आले होते. म्हणजे बरोबरी लिहिली तरी तुम्हीच."

रूबेनने विचार केला. मग त्याचे खांदे हलायला लागले. तो आवाज न करता हसत होता. "लोर्ना, ऐकलंस? मी खोटं बोललो तरी मीच जिंकतो म्हणे! हे चाळीस वर्षांपूर्वी सांगायला कोणी नव्हतं!"

"अकराव्या फेरीत काय झालं?" मर्लने विचारलं. आता तिचा आवाज पोस्टातला झाला होता.

"उजवा," रूबेन हळूच म्हणाला. "इथे, हनुवटीवर. तो धुक्यात पडला आणि दिसेनासाच झाला. मॅक्लिशला हाताने चाचपडून शोधावं लागलं त्याला. दहा मोजले. मग मीच उचलला. आधीच्या फेऱ्यांत बरगडी मोडली होती, म्हणून आठ दिवस राहिला. राखेत भाकरी भाजून घालायचा आम्हाला सगळ्यांना. तशी भाकरी परत कोणी केली नाही."

लोर्ना आत गेली आणि चुलीच्या वर भिंतीला लावलेली एक फळी काढून घेऊन आली. बेदाण्याच्या खोक्याची फळी, धुराने काळी पडलेली. त्यावर चाकूच्या टोकाने कोरलेलं होतं. मर्लने अक्षर लगेच ओळखलं. बाबा ख्रिसमसच्या केकवर आयसिंगने नावं लिहायचे, तेच अक्षर.

'२ जुलै १९३२. रूबेन स्वॉनने मला अकराव्या फेरीत पाडले. दोघेही वजनात. बँटमवेट चॅम्पियन तो आहे. विल्फ ट्रेम्बथ. साक्षीदार डी. मॅक्लिश.'

"जाऊन सांगतो म्हणाला होता सगळ्यांना," रूबेन म्हणाला. "सांगितलंही. पत्र आलं होतं त्याचं, लोर्नाच्या आईने वाचून दाखवलं. कंपनीवाले म्हणाले, शेडमध्ये झालेली लढत आम्ही मानत नाही, आणि तू हे बोलत फिरलास तर तुला पुन्हा सामना मिळायचा नाही. त्यात घरी तुझी आई, तू, बेकरी... मी उलट कळवलं, की राहू दे. माझं मला माहीत आहे, तुझं तुला माहीत आहे. पण त्याला राहू देता आलं नसणार. तसा माणूस नव्हता तो."

मर्लला बागेत उभे असलेले बाबा आठवले. पाठमोरे, खिशात हात, कुंपणाकडे बघत. ती घरातून हाक मारायची, बाबा, मी तुमची यादी केलीय, या ना बघायला! ते म्हणायचे, हो हो, छान आहे. आणि यायचे नाहीत. तिला वाटायचं लाजतात.

"त्यानंतर तुम्ही कोणाकडून हरलात?" तिने विचारलं.

"तंबूत पुष्कळ."

"तंबूतल्या लढती धरत नाहीत. वजनात, पुऱ्या फेऱ्यांची?"

"चौतीस साली डोळा गेला. त्यानंतर खरी लढत नाही. तोवर कोणाकडून नाही." तो जरासा गोंधळला. "का?"

"म्हणजे तुम्हाला कोणी हरवलंच नाही," मर्ल म्हणाली.

तिने अखेर पेनाचं टोपण काढलं. आणि लिहिलं.

मेलबर्नला आर्चीच्या खोलीत तिने कागद ठेवले. कात्रण, ढोलवाल्याचा जबाब, फळीचा फोटो, मॅक्लिशच्या मुलीने शपथेवर लिहून दिलेलं पत्र. आर्चीने सगळं वाचलं आणि नाक चोळलं.

"बापाचं नाव स्वतःच्या हाताने खोडतेस?"

"त्यांनीच खोडलंय. मी नुसतं उतरवून घेतेय."

"आणि त्यांच्या पुढच्यांचं काय? तुझ्या बाबांना हरवणारा, त्याला हरवणारा, असं करत करत आजच्या चॅम्पियनपर्यंत, फारूजियापर्यंत? बावीस वर्षांचं पोर आहे ते. त्याला जाऊन सांगू, की बेटा, तू कोणाचाच वारस नाहीस?"

या प्रश्नावर मर्ल तीन आठवडे झोपली नव्हती. "दोन रकाने करायचे," ती म्हणाली. "एक, कोणाला मानलं गेलं. दुसरा, कोण कोणाकडून हरलं. १९३० पर्यंत दोन्ही एकच. तिथून फुटतात. पहिल्यात बाबा आहेत, फारूजियापर्यंत सगळे आहेत, ते लढले, त्यांचं कोणी काढून घेत नाही. दुसरा रकाना रूबेन स्वॉनपाशी थांबतो."

"लोक शिव्या घालतील."

"घालू देत."

जूनच्या अंकात ते आलं. शिव्या आल्या, सतरा पत्रं. बाजूने चार. त्यातलं एक डेनिस फारूजियाचं होतं, शाळेतल्या वहीच्या कागदावर. त्याला या माणसाला भेटायचं होतं.

ऑगस्टमध्ये येरिंबाच्या हॉलमध्ये शनिवारी दुपारी गावच्या पोरांच्या लढती होत्या. आर्चीने आपल्या गाडीतून फारूजियाला आणलं. वस्तीवरची झाडून सगळी माणसं आली होती, म्हातारे, बाया, पोरं. जागा पुरेना तशी खिडक्यांत बसली. लोर्नाने बापाला आपल्या भावाचा कोट घातला होता, तो बाह्यांत लांब होत होता.

"बाबा, ताठ उभे राहा."

"ताठच आहे गं. कोट वाकडा आहे."

मर्लने कागदावरून नावं वाचली. पहिल्या चॅम्पियनपासून, एकामागून एक, कोणी कोणाला, कुठे, कितव्या फेरीत. हॉल हळूहळू शांत झाला. वरच्या झडपांतून उन्हाचे पट्टे येत होते आणि त्यात धूळ तरंगत होती. 'कॉलिन रॅफर्टी' म्हटल्यावर ती थांबली. मग म्हणाली, "रॅफर्टीला हरवणारा, याच हॉलमध्ये, १३ सप्टेंबर १९३०. २ जुलै १९३२ रोजी विल्फ ट्रेम्बथला हरवून किताब राखणारा. रूबेन स्वॉन."

टाळ्या लगेच आल्या नाहीत. आधी मागून एका म्हातारीने कसलीशी लांब, उंच हाक दिली, आणि मग सगळा हॉल उठला. रूबेन रिंगच्या दोऱ्यांतून आत शिरला तो पाण्यात उतरावं तसा, जराही न धडपडता. फारूजियाने पुढे होऊन हात मिळवला. म्हाताऱ्याने त्याचा हात सोडला नाही. उलटा केला, बोटांची हाडं चाचपली, मनगट दाबलं.

"उजवा खाली सोडतोस का रे?"

"कधी कधी, काका."

"सोडू नकोस," रूबेन म्हणाला. "मी तिथूनच आलो असतो."

फारूजिया हसला, पण त्याचा उजवा हात खरंच हनुवटीपाशी गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मर्लची बस साडेदहाला होती. रूबेनने तिला सातला उठवलं. "चल, शेड दाखवतो." तिला वाटलं चालत जायचं, पण तो होडीकडे निघाला.

"शेड नदीत आहे?"

"खालच्या अंगाला बांध घातला तेव्हा पाणी वर आलं. सगळा तो काठ खाली गेला."

धुकं होतं. वल्ह्याचा आवाज जवळून येई आणि त्याचा पडसाद फार लांबून. मेलेल्या झाडांचे पांढरे बुंधे पाण्यातून वर आलेले होते, ते होडीजवळून एकेक करून सरकत होते. एके ठिकाणी रूबेनने वल्हं आत घेतलं. होडी जरा वेळ आपली आपणच गेली आणि थांबली.

"इथे," तो म्हणाला.

मर्लने वाकून पाहिलं. पाणी गढूळ, हिरवट. काही दिसत नव्हतं. तिने हात मनगटापर्यंत आत घातला. थंडी हाडापर्यंत गेली.

"खोल किती असेल?"

"दोन माणसं."

ती तशीच हात बुडवून बसून राहिली. रूबेन गुणगुणायला लागला. कसलंसं चर्चमधलं गाणं, अगदी सावकाश, शब्दांशिवाय. त्याच्या चांगल्या डोळ्याच्या बाजूने धुकं उजळत चाललं होतं. कुठेतरी बदकं उठली. गाणं एकदा पुरं झालं, तो थांबला नाही, पुन्हा सुरुवातीपासून म्हणायला लागला. मर्लने बसची वेळ बघायला घड्याळ वर केलं, आणि न बघताच हात परत पाण्यात सोडला.